परदेशी दर

२१ एप्रिल

बोर्ड लागला एकदाचा! माझ्या तिकीट खिडकीच्या अगदी डोक्यावर. म्हणजे आता लोक बोर्ड वाचणार नाहीत, मलाच विचारणार.

ड्रोन नको, कुत्रा नको, दारू नको. मोठ्या देवळावर चढायचं नाही. खाणं आत न्यायचं नाही. पिसोतेंना खाऊ घालायचं नाही — आता ते लांब नाकाचे चोर स्वतःच पिशवीत तोंड घालतात, त्यांना हा बोर्ड कोण वाचून दाखवणार? जाळ फक्त जुन्या वेदीजवळच्या दगडी गोलात, आणि तोही फक्त आपल्या माया लोकांच्या समारंभासाठी.

सगळ्यात खाली दर. सूर्योदयाचं तिकीट वेगळं — सूर्य फुकट उगवतो हे लोकांना पटत नाही. मग नागरिक, मग परदेशी. समारंभाला येणाऱ्या गावकऱ्यांना मोफत, पण नागरिक ओळखपत्र दाखवून. आणि नवीन ओळ: "ओळखपत्र न दाखवणाऱ्या प्रत्येकास परदेशी दर लागू."

सेरापिओ गेटवरून येऊन वाचून गेला. तो माझा चुलतभाऊ, या जुन्या माया शहराच्या, साकपेकच्या, गेटवर बारा महिने उभा. म्हणाला, "चला, आता आपण सगळे कार्ड विसरलो की अमेरिकन!"

२३ एप्रिल

एका बाईने विचारलं, "आम्ही जास्त का द्यायचे? दगड तेच ना?" मी म्हटलं, दगड तेच, बाई, पण तुमचे पूर्वज इथे मक्याला पाणी घालत नव्हते. हसली. दिले.

संगणकाला रोज नवा आजार. आज परदेशी तिकिटाला देश निवडल्याशिवाय पुढेच सरकत नाही.

२७ एप्रिल

गावात काल सभा झाली. पेरणीआधीच्या मागण्यासाठी — मायेहाकसाठी — या वर्षी बाबांचं नाव निघालं. साकपेकच्या जुन्या वेदीपाशी डोंगर-दरीच्या धन्याकडे जायचं, धूप जाळायचा, मेणबत्त्या लावायच्या, कोको ठेवायचा आणि सांगायचं: जमीन उकरतोय, राग मानू नको, दाणा येऊ दे. त्याशिवाय आमच्या सान्ता एलोइसात कुणी काठीने भोक पाडून दाणा टाकत नाही. इंजिनियर झालेला पोरगाही टाकत नाही.

बाबा खूश झाले. दाखवलं नाही, पण हॅट पुसून ठेवली. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी कशाला तरी हात लावला.

तर आता पथ्य सुरू. ज्याचं नाव निघालं त्याने भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही, कुणाबद्दल मनात आकस ठेवायचा नाही. आणि हे फक्त त्याला नाही, त्याच्या घराला! घरात कोण? बाबा आणि मी. म्हणजे मला.

२८ एप्रिल

रिगोबेर्तो — माझा धाकटा भाऊ, शेजारीच राहतो — सकाळी मुद्दाम आला आणि म्हणाला, "हेरलिंदा, तुझ्या हातची भाकरी म्हणजे चामडं." बाबा बघत होते. मला हसून "हो का" म्हणावं लागलं. पथ्य संपू दे, मग बघते त्याच्याकडे.

३ मे

मोठा घोळ.

आज मागण्याचा दिवस. बाबा, रिगोबेर्तो आणि गावचे चार जण पहाटे गेटवर. सगळ्यांनी कार्डं काढली. बाबा नुसते उभे.

"कार्ड, बाबा."

"नाही."

"घरी राहिलं?"

"घरी नाही."

मागे सूर्योदयवाल्यांची रांग. वर कॅमेरा. माझ्याआधी या खिडकीत असलेल्या मुलीला ओळखीच्या लोकांना सोडलं म्हणूनच घरी पाठवलं. मी काय करणार? सेरापिओने वातावरण हलकं करायला पाहिलं: "कावा किरिनो, तुम्ही कुठले म्हणायचे मग? जर्मन की जपानी?" कावा म्हणजे आदराचं — गावात बाबांना सगळे तसंच म्हणतात. बाबा म्हणाले, "उंचीवरून बघ आणि तूच ठरव." सगळे हसले. पण आत कुणी गेलं नाही. ज्याचं नाव निघालं तोच जातो, बाकीचे त्याच्यामागे. तो बाहेर तर सगळे बाहेर.

बाबा तिकडे बाकावर जाऊन बसले. फाटकाबाहेर, सैबाच्या झाडाखालचा तोच बाक. मागच्या वर्षी आई तिथेच बसली होती.

आईचं कार्ड कधी निघालंच नाही. जन्माची नोंद नाही, तर कार्ड कुठलं? पूर्वी कुणी विचारत नसे. ती बाबांच्या मागून आत शिरायची, कुणी अडवलंच तर बाबांच्या पाठीकडे बोट दाखवून म्हणायची, "मी यांच्याबरोबर आहे." तिला स्पॅनिशमधलं तेवढं एकच वाक्य यायचं. चर्च, दवाखाना, बस — सगळीकडे तेच चालायचं. मागच्या वर्षी कार्डाचा नियम आला — शहरातली एक योगवाली टोळी ढोल घेऊन "समारंभ, समारंभ" करत फुकट शिरली, त्यावरून — आणि मागण्याच्या दिवशी वरचे साहेब गेटवर हजर होते. आईने वाक्य म्हटलं. चाललं नाही. बाबा आत गेले, ती बाकावर बसून राहिली, धूप लांबून बघत. संध्याकाळी म्हणाली, "बरं झालं, पाय दुखतच होते." नोव्हेंबरात गेली.

४ मे

बाबांना विचारलं, कार्ड कुठे हरवलं? "हरवलं नाही." मग चोरीला? "कोण चोरेल माझा चेहरा?" मग कुठे आहे? "आहे तिथे आहे. मला माहीत आहे."

माहीत आहे तर आणा ना! हे मी ओरडून बोलले नाही. पथ्य. अगदी गोड आवाजात बोलले. त्यामुळे जास्तच चीड आली. भांडता येत नाही म्हणून भांडी घासली. स्वच्छ होती ती पण घासली.

५ मे

सुट्टी. घर पालथं घातलं. छपराची फट, मक्याची कणगी, संत इसिद्रोच्या तसबिरीमागे. आईची पेटी उघडली — ती तर रिकामीच. तिचं सगळं तिच्याबरोबर कबरीत दिलं, आपल्यात देतात तसं. वाटी, पेला, कंगवा, नव्या चपला, अंगात घालायचं चांगलं ह्विपील. लांबचा रस्ता, वाटेत लागतं. ते सामान बाबांनी स्वतःच्या हातांनी रचलं होतं, कुणाला मदत करू दिली नाही. पेटीत आता फक्त तिचा वास. थोडा वेळ झाकण उघडं ठेवून बसले. मग लावून टाकलं.

कार्ड नाही.

६ मे

ओवांदो साहेबांना भेटले. उद्यानाचे प्रशासक. माणूस वाईट नाही, राजधानीचा आहे, डासांना कंटाळलाय. ऐकून घेतलं.

"हेरलिंदा, तुझे वडील कोण आहेत ते मला माहीत नाही का? पण एकाला सोडलं की उद्या ढोलवाले परत येतील."

"साहेब, साकपेकच्या चौकात माझ्या पणजोबांचा मका होता. उद्यान नंतर आलं."

"म्हणून तर मोफत ठेवलंय!" — आणि खरंच त्यांना वाटत होतं की हे उत्तर आहे.

मग वाट सांगितली. वडिलांनी लिहून अंगठा द्यायचा की कार्ड हरवलं आहे, नवीन येईपर्यंत तो कागद ते चालवून घेतील. उड्या मारत घरी आले.

संध्याकाळ

बाबा नाही म्हणाले.

"हरवलेलं नाही. हरवलं म्हणू कसं? मागायला जायच्या आधी तोंड खोटं करू?"

"एवढंसं खोटं, बाबा."

"एवढंसं बी असतं मक्याचं."

बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले, जरा जोरातच.

८ मे

तीन गावांत पेरणी झाली. आमचं जाळून तयार केलेलं रान काळं पडून आहे. आणखी थोडे दिवस गेले आणि राखेतून गवत वर आलं, की संपलं. ओलं गवत पुन्हा जळत नाही. मग वर्षभर दुकानातला मका खायचा, तोही आणायचा कशाने?

पाणवठ्यावर बायका माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण "खिडकीतली बाई" म्हणून. त्यातली एक म्हणाली, "आमच्या गावची पोरगी तिथे बसली तेव्हा वाटलं होतं, आता दार आपलं झालं." जिव्हारी लागलं. पथ्य माझ्या घराला आहे, तिच्या नाही.

९ मे

रिगोबेर्तोने मधला मार्ग काढला: चिकल, म्हणजे च्युइंगगमचा चीक, गोळा करणाऱ्यांची मागची पायवाट. ती सगळ्यांना माहीत आहे, सेरापिओलाही. रात्रीतून जाऊन यायचं, कोण बघतंय?

बाबा म्हणाले, "ज्याच्या घरी मागायला जायचं त्याच्या घरात मागच्या बाजूने शिरू? चोराला कोण दाणा देतं?"

"मग तुम्हीच सांगा काय करायचं!" रिगोबेर्तो ओरडला. तो वेगळ्या घरात राहतो म्हणून त्याला चालतं. "एका कार्डापायी सगळं गाव बसवून ठेवलंय! दुसऱ्याचं नाव काढू."

"नाव धन्याला सांगून झालंय. आता तो माझी वाट बघतोय. तू त्याच्याशी बोल."

रिगोबेर्तो दार आपटून गेला. मी बाबांकडे पाहिलं. हात गुडघ्यावर, नजर खाली. त्यांनाही रात्र रात्र झोप नाही, हे मला दिसतं. हट्ट असता तर एव्हाना मी तोडला असता. हा हट्ट नाही. काय आहे ते कळत नाही, आणि त्याने जीव कासावीस होतो.

११ मे

आईने पाळलेले टर्की दिसत नाहीत. अंगणात शुकशुकाट. रविवारच्या बाजारातून बाबा रिकाम्या टोपल्या घेऊन परत आले.

त्या टर्कींना बाबा कुणाला हात लावू देत नव्हते! मायेहाकच्या जेवणाला एक कापू म्हटलं तर "तिचे आहेत" म्हणाले होते. आणि आज सगळे विकले? विचारलं. म्हणाले, "तिला चाललं असतं."

१३ मे

सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळची रांग. पुढे तीन फ्रेंच, मग एक उंच जर्मन आजी आणि तिच्यामागे बाबा. धुतलेला सदरा, हॅट छातीशी. मागे बाजूला रिगोबेर्तो आणि बाकीचे, धूपाच्या पिशव्या घेऊन. कालची रात्र सगळ्यांनी प्रार्थनाघरात हार्प आणि व्हायोलिन ऐकत जागून काढली होती, डोळे लाल.

बाबांची पाळी आली. त्यांनी बोर्डाकडे बोट केलं.

"पोरी, शेवटची ओळ वाच."

वाचली.

"म्हणजे कार्ड दाखवलं नाही तर तो दर. मी परदेशी आहे असं कुठे म्हणावं लागत नाही?"

"नाही."

"मग त्यात खोटं नाही. त्या दराचं एक दे." आणि पैसे ठेवले. आईचे टर्की, सगळेच्या सगळे, माझ्या खिडकीच्या फळीवर.

मी म्हटलं, बाबा, मी भरते. म्हणाले, "तू तुझं काम कर." रागाने नाही. खरंच, काम कर एवढंच.

संगणकाने विचारलं: देश? यादी उघडली. अफगाणिस्तानपासून सगळं जग आहे त्यात. ग्वातेमाला नाही. परदेशी दराच्या यादीत कशी असेल?

"काय झालं?"

"देश विचारतो."

"सांग की इथलाच."

"इथला नाही यादीत."

मागची रांग कुजबुजायला लागली. बाबा जरा विचारात पडले. हॅट फिरवली. "मग काय काय आहे?"

यादीच्या तळाशी गेले. शेवटी एक 'इतर' होतं.

"इतर," मी म्हटलं.

"इतर चालेल," बाबा म्हणाले. "आपण इतर."

तिकीट बाहेर आलं. मी कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि डोळे पुसले. गेटवर सेरापिओने त्यांच्या मनगटाला परदेशींचा नारिंगी पट्टा बांधला — नागरिकांचा हिरवा असतो. एरवी तो प्रत्येक नारिंगीला इंग्रजीत "वेलकम" म्हणतो. आज त्याने हॅट काढली. बाबाच म्हणाले, "अरे म्हण ना! पैसे दिलेत." मग तो म्हणाला. मग सगळेच हसले, रिगोबेर्तोसुद्धा, डोळ्यांत पाणी आणून.

जर्मन आजीने बाबांना विचारलं म्हणे, तुम्हीही पहिल्यांदाच आलात का?

जेवणाच्या सुट्टीत वेदीकडे गेले. जाळ चांगला लागला होता, धूर सरळ वर. बाबा गुडघ्यावर बसून बोलत होते, हळू, शेजाऱ्याशी बोलावं तसं. नारिंगी पट्टा जाळाच्या उजेडात चमकत होता. मी मागे जाऊन गुडघे टेकले. माझ्या पोटात अजून राग होता — बोर्डावर, साहेबांवर, बाबांवरही. तो वेदीपाशीच ठेवून यायचा असतो. प्रयत्न केला. बराचसा ठेवला.

१४ मे

ओवांदो साहेब खिडकीशी आले. कालचा कुणीतरी काढलेला फोटो फोनवर होता: जाळ, कोको, म्हातारा, नारिंगी पट्टा.

"हे तुझे वडील? परदेशी दराने?"

"बोर्डाप्रमाणे, साहेब."

"मला सांगायचं ना!"

"सांगितलं होतं."

साहेबांनी बोर्डाकडे वर बघितलं, पहिल्यांदाच वाचावा तसं. "शेवटच्या ओळीचं बघतो," म्हणाले. बघतील का? माहीत नाही. पण मान खाली घालून गेले.

१५ मे

पेरणी! पहाटेपासून सगळं गाव रानात, हातात टोकदार काठ्या. गवत अजून वर आलं नव्हतं. बायकांनी दुपारी कढया उतरवल्या — टर्की पाणवठ्यावरच्या त्या बाईने दिला. मी घेतला. तिखट लाल कालवण, केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे पोच, कोको. पथ्य संपलं. रिगोबेर्तोला माझ्या भाकरीबद्दल जे बोलायचं राहिलं होतं ते चार माणसांत बोलून घेतलं. फार बरं वाटलं.

बाबांच्या मनगटावर पट्टा तसाच. कापू का विचारलं. म्हणाले, "असू दे, विकत घेतलाय."

१६ मे

रात्री चुलीपाशी पुन्हा विचारलं. आता तरी सांगा, कार्ड कुठे आहे?

"तुझ्या आईकडे."

मला कळलंच नाही. मग कळलं.

"शवपेटी बंद करायच्या आधी तिच्या हातात दिलं. वाटीखाली नाही, हातात."

"बाबा! पण त्यावर फोटो तुमचा आहे!"

"म्हणून तर. दारात कुणी विचारलं तर दाखवेल. म्हणेल, मी यांच्याबरोबर आहे." चुलीत लाकूड सारलं. "तिथे तरी बाकावर बसायला नको."